ऐकीव गोष्टीचा जामीन कोण?

मानवी शरीर ही अल्लाहने माणसाच्या स्वाधीन केलेली अमानत आहे. ते आपल्या मालकीचे नाही, म्हणून त्याची हेळसांड करण्याचा अधिकारही आपल्याला नाही, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवितो. परंतु त्या मुलांचे स्वतःचे शरीर ही त्याहूनही नाजूक अमानत आहे. तान्ह्या बाळाला निर्णय घेता येत नाही. त्याच्या वतीने अम्मी-अब्बा निर्णय घेतात आणि त्या निर्णयाचे परिणाम ते बाळ भोगते. लसीकरणाचा विचार करताना ही गोष्ट सर्वप्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

लस देणे जाइज आहे की नाही, हा प्रश्न आपल्या वस्त्यांमध्ये वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर उलेमांनी अनेकदा दिलेले आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईलच. प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न त्याच्या शेजारचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. एखाद्याने मोबाईलवर आलेली चित्रफीत पाहिली आणि शेजारच्या आईला सांगितले की, हे इंजेक्शन मुलाला देऊ नको. तिने ते ऐकले. पुढे त्या मुलाला गोवर झाला. अशा वेळी त्या सांगणाऱ्यावर शरीअतच्या दृष्टीने काही जबाबदारी येते काय? की "मी तर केवळ ऐकलेले सांगितले" असे म्हणून तो मोकळा होतो?

हदीसच्या ग्रंथांत या प्रश्नाला स्पर्श करणारी एक शिकवण आहे. अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांनी ती नोंदविली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या त्या वचनाचा आशय असा की, ज्या माणसाचे वैद्यकीय ज्ञान ज्ञात नाही, त्याने जर एखाद्यावर उपचार केला, तर होणाऱ्या नुकसानीचा तो 'जामिन' ठरतो. मराठीत कोर्टकचेरीमुळे घरोघरी पोहोचलेला 'जामीन' हा शब्द याच अरबी शब्दापासून आला आहे. दुसऱ्याच्या देण्याची हमी आपल्या माथ्यावर घेणारा तो जामीन. वैद्यकीचे ज्ञान नसताना वैद्यकीचा सल्ला देणारा माणूस नकळत अशीच हमी लिहून देत असतो.

थोड्या टक्क्यांचा फरक

ही हमी किती जड आहे, हे समजण्यासाठी गोवर या रोगाचा स्वभाव पाहावा. गोवरचे विषाणू हवेतून पसरतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही सुमारे दोन तास ते तेथील हवेत तग धरू शकतात. ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा समूहात गोवरचा एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. पुरळ आणि ताप गेल्यावरही धोका संपत नाही. शरीराने पूर्वी अनेक रोगांविरुद्ध कमावलेली शक्ती गोवर पुसून टाकतो आणि नंतरचे कित्येक महिने मूल न्यूमोनिया व अतिसाराला सहज बळी पडते.

इतक्या वेगाने पसरणाऱ्या रोगाला थोपवायचे तर समाजातील सुमारे ९५ टक्के मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. शंभरांतील नव्वद मुलांना लस मिळाली तर ते प्रमाण कानाला चांगले वाटते, पण गोवरला तेवढी फट पुरते. शिवाय उरलेली दहा मुले गावभर विखुरलेली नसतात. ती बहुधा एकाच गल्लीत, एकाच वस्तीत, एकमेकांचे ऐकणाऱ्या घरांत असतात. म्हणून देशाच्या सरासरीत न दिसणारा खड्डा एखाद्या मोहल्ल्यात फार खोल असू शकतो.

आपल्या देशाची सरासरी गेल्या काही वर्षांत निश्चितच सुधारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ६२ टक्क्यांचे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ७६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्र मात्र दोन्ही वेळा देशाच्या सरासरीच्या मागेच राहिला. रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि पुण्यातील जगातील सर्वांत मोठा लस कारखाना ज्या राज्यात आहे, त्या राज्याची ही स्थिती आहे.

याचे सारे खापर अफवांवर फोडणे अन्यायाचे होईल. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुले यादीतून निसटतात. रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणे आईला परवडत नाही. पहिल्या इंजेक्शननंतर ताप आला, मूल रात्रभर रडले, म्हणून पुढचा डोस राहून जातो. टाळेबंदीच्या काळात तर नियमित लसीकरणच विस्कळीत झाले होते. परंतु या सर्व अडचणींवर जेव्हा संशयाचे सावट पडते, तेव्हा आधीच डळमळणारे पाऊल दारातच थांबते.

त्याचा परिणाम २०२२ च्या हिवाळ्यात सर्वांनी पाहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी भागात रफीनगर येथे एकाच कुटुंबातील तीन मुले दोन दिवसांच्या आत दगावली आणि गोवरच्या उद्रेकाची बातमी राज्यभर पसरली. त्यापाठोपाठ भिवंडी व मालेगाव येथूनही रुग्णांचे आकडे येऊ लागले. केंद्र शासनाला पथक पाठवावे लागले. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना लसीचा जादा डोस देण्यात आला आणि उद्रेकाच्या भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही लस टोचावी लागली. दगावलेल्या मुलांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती किंवा त्यांचे डोस अपुरे होते. गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव ही नावे वाचताना आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही की, ज्या घरांत हा शोक झाला, त्यांतील कितीतरी घरे आपल्याच भाऊबंदांची होती.

"तकदीरमध्ये असेल ते होईल"

लस नाकारणाऱ्यांचे पहिले म्हणणे तकदीरचे असते. जीवन-मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, मग सुईची काय गरज, असे ते विचारतात. यातील पहिला भाग हा आपल्या ईमानचा भाग आहे. दुसरा मात्र त्यातून निघत नाही.

ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी १८ च्या सुमारास शाम प्रदेशात अम्वासचा प्लेग पसरला होता. ह. उमर (रजि.) तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची वार्ता मिळाली. त्यांनी प्रथम मुहाजिरांशी, नंतर अन्सारांशी आणि त्यानंतर कुरैशच्या ज्येष्ठांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचे ठरविले. त्यावर ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. तुमचे उंट अशा दरीत उतरले की जिची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड आहे, तर तुम्ही कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच होणार नाही काय? पुढे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये व तेथे असल्यास तेथून पळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. ह. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते परतले.

या प्रसंगात तवक्कुलचा खरा अर्थ दिसतो. उपाय हाही तकदीरचाच भाग आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण तिर्मिजीत आहे. अल्लाहने रोगाबरोबर त्याचा इलाजही उतरविला आहे, म्हणून इलाज करा, अशी आज्ञाही हदीसमध्ये आहे. शेताला कुंपण घालणारा शेतकरी आणि घराला कुलूप लावणारा व्यापारी यांच्या ईमानवर आपण शंका घेत नाही. मग बाळाला रोगापासून कुंपण घालणाऱ्या आईच्या तवक्कुलमध्ये उणीव कशी येईल?

येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो आणि अनेक सज्जन बापांच्या मनात तो खरोखर असतो. "मी लस दिली आणि मुलाला काही झाले तर दोष माझा. मी दिली नाही आणि त्याला रोग झाला तर ती अल्लाहची मर्जी." या विचारात करण्याला जबाबदारी जोडलेली आहे आणि न करण्याला ती नाही. परंतु शरीअत असा भेद सरसकट मानत नाही. प्रत्येक जण आपल्या हाती सोपविलेल्यांचा राखणदार आहे आणि त्याला त्यांच्याविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण सारे जाणतो. राखणदाराने लांडग्याला आत सोडले नाही, एवढे त्याच्या सुटकेला पुरत नाही. फाटक उघडे राहिले असेल तर त्याचाही जाब त्याला द्यावा लागतो. बापाने मुलाला अन्न दिले नाही आणि मूल दगावले, तर "मी काहीच केले नाही" हे त्याचे उत्तर कोणताही काजी स्वीकारणार नाही. ज्याच्यावर पालनपोषणाचे कर्तव्य आहे, त्याचे न करणे हेही करणेच असते.

हराम-हलालची शंका

दुसरी शंका लसीतील घटकांची. ही शंका थट्टेने उडवून लावण्याजोगी नाही, कारण हराम-हलालचा विवेक हा मुस्लिम जीवनाचा पाया आहे. काही लसी टिकविण्यासाठी जिलेटिनचा वापर होतो आणि ते डुकरापासून मिळविलेले असू शकते. २०१८ मध्ये इंडोनेशियात हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याचा संबंध थेट महाराष्ट्राशी होता. तेथे वापरली जाणारी गोवर-रुबेलाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली होती. तेथील उलेमा परिषदेने तपासणी करून सांगितले की, या लसीच्या निर्मितीत डुकराचा अंश आहे. परंतु त्याच फतव्यात परिषदेने हेही स्पष्ट केले की, दुसरी लस उपलब्ध नाही व लस न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून जरूरतच्या नियमाने तिचा वापर जाइज आहे. लोकांनी फतव्याचा पूर्वार्ध कानोकान पोहोचविला आणि उत्तरार्ध मागे राहिला. त्यामुळे काही प्रांतांत लसीकरण फार मागे पडले.

जरूरतचा नियम उलेमांनी सूरह अल्-बकराच्या १७३ व्या आयतीसारख्या आयतींच्या आधारे मांडला आहे. जीव वाचविण्यासाठी निरुपायाने केलेल्या गोष्टीवर गुन्हा नाही, हे तेथे सांगितले आहे. याखेरीज 'इस्तिहाला' म्हणजे पदार्थाचे मूळ रूप पूर्णपणे पालटण्याचा फिकही विचारही आहे. १९९५ मध्ये कुवेत येथे भरलेल्या उलेमा व वैद्यकतज्ज्ञांच्या परिषदेने या विचाराच्या आधारे रूपांतरित जिलेटिनला मान्यता दिली. सर्वच उलेमा इस्तिहालाविषयी एकमत आहेत असे नाही. परंतु मतभेद असणाऱ्यांसाठीही जरूरतचे दार उघडे आहे.

या बाबतीत आपल्याच घरातील एक उदाहरण पुरेसे आहे. हजला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते आणि भारतातून जाणाऱ्या हाजींना पोलिओचे थेंबही दिले जातात. आपले वडीलधारे कोणतीही कुरकुर न करता ती लस घेतात, तिचे प्रमाणपत्र जपून ठेवतात आणि अल्लाहच्या घरी जातात. हाजीसाहेबांच्या दंडाला जी गोष्ट जाइज होती, ती त्यांच्या नातवाच्या दंडाला नाजाइज कशी ठरावी?

संशयाची मुळे

तिसरी शंका सर्वांत खोल आहे. लस हा मुसलमानांची संख्या कमी करण्याचा कट आहे, असे कुजबुजत सांगितले जाते. या शंकेचा आधार खोटा असला तरी तिचा इतिहास खोटा नाही. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत देशात सक्तीच्या नसबंद्या झाल्या. ज्या गोरगरिबांना ट्रकमध्ये घालून नेले गेले, त्यांच्या नातवंडांच्या घरात सरकारी औषधाकडे संशयाने पाहिले गेले, तर त्यात नवल नाही. २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी कावीळ-ब च्या लसीकरणाची खोटी मोहीम राबविली. त्याची किंमत निष्पापांनी मोजली. पुढील वर्षांत पोलिओचे थेंब पाजण्यासाठी घरोघर फिरणाऱ्या कितीतरी मुस्लिम स्त्रिया गोळ्यांना बळी पडल्या. पोलिओचा मूळ विषाणू आज केवळ पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही विश्वासाला तडा देणारी घटना घडली. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अल्लाहच्या कृपेने ती बचावली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण ही बातमी उमरखेड, पुसद, महागावच्या घरांत पोहोचली तेव्हा किती आयांच्या मनात धस्स झाले असेल, याची कल्पना करता येते.

आरंभीची जामीनकीची हदीस येथे शासनालाही लागू पडते. फिकहच्या ग्रंथांत असे मांडले आहे की, जाणकार वैद्याने परवानगी घेऊन, शास्त्राच्या नियमानुसार उपचार केला आणि तरीही इजा झाली, तर तो जामीन ठरत नाही. मात्र त्याने हलगर्जी केली असेल, तर तो सुटत नाही. लसीनंतर ताप येणे, दंड सुजणे हे सामान्य आहे आणि क्वचित गंभीर प्रतिक्रियाही येऊ शकते. हे आईला आधी सांगणे, इंजेक्शननंतर तिला अर्धा तास थांबवून घेणे, तिच्या शंकेला न रागावता उत्तर देणे आणि चूक झाल्यास ती न लपविणे, ही आरोग्यसेवेकडे असलेली अमानत आहे. ती न पाळता केवळ जनतेच्या अज्ञानाला दोष देणाऱ्या अधिकाऱ्याचा दोष अफवा पसरविणाऱ्याहून फार कमी नाही.

मात्र एका चुकीवरून सर्व निष्कर्ष काढणे हाही न्याय नव्हे. कापसी-कोपरीची चूक बाटली ओळखण्याची होती. पोलिओच्या लसीत दोष असल्याचा तो पुरावा नव्हे. आणि कटाच्या आरोपाला सर्वांत ठळक उत्तर आकडे देतात. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते आणि थेंब नाकारणाऱ्या मुस्लिम वस्त्यांतील मुलांचा त्यांत मोठा वाटा होता. थेंबांनी मुले होत नाहीत, ही अफवा तेथे जोरात होती. त्यानंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द यांसारख्या संस्था पुढे आल्या. उलेमांनी आवाहने केली, मशिदींतून घोषणा झाल्या, मोहल्ल्यातील स्त्रियाच घरोघर जाऊन समजावू लागल्या. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये केवळ एक. तो शेवटचा रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातील एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या पिढीने ते थेंब घेतले, ती पिढी आज स्वतः आई-बाप झालेली आहे. अफवा खरी असती तर त्यांच्या मांडीवर मुले नसती.

गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनबाबत तर अफवेने सत्य अगदी उलटे केले. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मोहीम सुरू झाली, तेव्हा काही उर्दू शाळांतील पालकांनी वंध्यत्वाच्या भीतीने संमती नाकारली. वस्तुतः रुबेला गरोदर स्त्रीला झाला तर तिच्या पोटातील बाळ दगावू शकते, किंवा ते बहिरे, मोतीबिंदू असलेले, हृदयात दोष घेऊन जन्मू शकते. रुबेलाची लस गर्भाच्याच रक्षणासाठी आहे. मुलग्यांनाही ती दिली जाते, कारण त्यांच्याकडून तो रोग गरोदर खालाला किंवा भाभीला लागू नये.

लस ही परकी वस्तू आहे, या समजुतीलाही आधार नाही. गोवर आणि देवी हे दोन वेगळे रोग असल्याचे सविस्तर विवेचन दहाव्या शतकाच्या आरंभी अर्-राजी या मुस्लिम वैद्याने आपल्या ग्रंथात केले. देवीचा सौम्य अंश टोचून रोगापासून संरक्षण करण्याची पद्धत इस्तंबूलमधील घरांत रूढ होती. तेथे ती पाहिलेल्या एका इंग्रज राजदूताच्या पत्नीने अठराव्या शतकात ती इंग्लंडला नेली. पुढे १७९६ मध्ये जेन्नरने आपली लस शोधली. अफवाही कोणा एका धर्माची नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधील एका डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवरच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्या डॉक्टरचा परवानाही रद्द झाला. तरीही सुशिक्षित युरोप-अमेरिकेत आजही लोक त्या लेखाच्या भीतीने मुलांची लस टाळतात.

बातमी आणि तिचा वाहक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आज्ञा आहे की, अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर तिची छाननी करा, नाहीतर अज्ञानापोटी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पश्चात्ताप कराल. सूरह अन्-निसाच्या ८३ व्या आयतीत याहून नेमकी गोष्ट आहे. शांततेची किंवा भीतीची वार्ता कानी येताच ती पसरविणाऱ्यांना तेथे दोष दिला आहे आणि ती जाणकारांकडे नेली असती तर त्यांनी तिचा खरा अर्थ काढला असता, असे सांगितले आहे. म्हणजे मार्ग दाखविलेला आहे. भीतीची बातमी आली की ती गटात पुढे पाठवायची नाही. ती ज्याला कळते त्याच्याकडे न्यायची. औषधाच्या बाबतीत ज्याला कळते तो डॉक्टर, आणि त्याच्या धार्मिक बाजूविषयी ज्याला कळते तो आलिम. मोबाईलच्या पडद्यावरील अनामिक आवाज या दोघांपैकी कोणीच नाही.

यावर म्हटले जाते की, सांगणाऱ्याची नियत चांगली होती. त्याला मुलांचे भलेच हवे होते. नियतचे मोल अल्लाहच्या दरबारी आहेच. पण जामीनकीच्या हदीसकडे पुन्हा पाहावे. तेथे उपचार करणाऱ्याची नियत विचारलेली नाही, त्याचे ज्ञान विचारले आहे. अडाणी वैदूही बहुधा रोगी बरा व्हावा म्हणूनच औषध देत असतो. तरीही नुकसान झाले तर तो जबाबदार राहतो, कारण ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यात हात घालणे हीच त्याची चूक होती. "लस देऊ नको" हाही वैद्यकीय सल्लाच आहे. औषध देण्याला जेवढे ज्ञान लागते, तेवढेच ते थांबविण्याला लागते. हदीसचे शब्द उपचार करणाऱ्याविषयी आहेत आणि सल्ला देणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू होतात की नाही, हे फकीह ठरवतील. पण ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशी जी दुसरी हदीस मुस्लिममध्ये आहे, तिच्यापुढे ऐकीव बातमीच्या वाहकाला लपायला जागा उरत नाही. दुनियेच्या न्यायालयात त्याच्यावर दावा होणार नाही. आखिरतच्या न्यायालयात मात्र ज्या बाळाने कधी त्याचे नावही ऐकले नव्हते, ते बाळ त्याच्यापुढे उभे राहू शकते.

आणि ते बाळ केवळ ऐकणाऱ्या घरातील असेल असेही नाही. नौकेच्या तळमजल्यावरील लोकांनी पाणी घेण्यासाठी आपल्याच भागात भोक पाडायचे ठरविले आणि वरच्यांनी त्यांना अडविले नाही, तर सारेच बुडतील, असा दृष्टान्त बुखारीतील हदीसमध्ये आहे. गोवरची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीची तान्ही बाळे शेजारच्या मोठ्या मुलांच्या लसीवरच विसंबून असतात. ज्या मुलावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्याला ही लस देता येत नाही. त्याचे रक्षण त्याच्या वर्गमित्रांच्या दंडांवरील टोचणीने होते. "माझे मूल, माझा निर्णय" असे म्हणणारा बाप नौकेच्या तळाशी बसलेला असतो.

आपण काय करावे

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावाला हा विचार अधिक निकडीचा आहे. येथून जिल्ह्याचे ठिकाण दूर आहे आणि मूल अत्यवस्थ झाले की बहुधा नांदेडची वाट धरावी लागते. न्यूमोनियाने धापणाऱ्या बाळासाठी तो रस्ता फार लांब असतो. म्हणून रोग येण्यापूर्वीचा उपाय येथील आईला शहरातील आईपेक्षा जास्त मोलाचा आहे, आणि तो तिच्या मोहल्ल्यात, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो.

प्रत्येक घराने आपल्या मुलांची लसीकरणाची कार्डे एकदा काढून पाहावीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. यांतील एखादा राहिला असेल तर आशाताईंना विचारावे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी ते कार्ड रेशनकार्डाइतके जपून सोबत न्यावे. मशिदीच्या इमामांनी जुम्याच्या बयानात लसीकरणाच्या दिवसाची सूचना द्यावी आणि शक्य तर आपल्या नातवंडांना सर्वांसमक्ष प्रथम न्यावे. समाजातील डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका यांच्यावर याची जबाबदारी विशेष आहे, कारण त्यांच्याकडे ज्ञानही आहे आणि लोकांचा विश्वासही.

जी आई घाबरलेली आहे, तिला अडाणी म्हणून हिणवू नये. तिची भीती मुलावरील ममतेतूनच आली आहे. तिच्याजवळ बसावे, तिने काय ऐकले ते पूर्ण ऐकून घ्यावे आणि तिला डॉक्टरकडे सोबत घेऊन जावे. भीतीची वार्ता जाणकाराकडे नेण्याची जी आज्ञा कुरआनात आहे, ती तिच्या बाबतीत पाळण्याचा हाच मार्ग आहे.

एका माणसाचा जीव वाचविणाऱ्याने जणू सर्व मानवजातीला वाचविले, हा संदेश सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीत आहे. आपण सारेच डॉक्टर होऊ शकत नाही. पण कानी आलेली एखादी भीतीदायक बातमी आपल्यापाशीच थांबविणे, आणि शेजारणीच्या बाळाला टोचणीच्या दिवशी दवाखान्यापर्यंत सोबत करणे, हे प्रत्येकाला साधणारे आहे. अल्लाह आपल्याला आपल्या जिभेची आणि आपल्या हाती सोपविलेल्या लेकरांची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.